ऑइल पेंटमधले निश्चय

पेंटरचं अक्षर असं, की भंगारवाल्याच्या दारावर लिहिलं तरी आत सराफ बसलाय असं वाटावं. तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील पाट्या आल्या. तासाभरात मशीनमधून पाटी बाहेर पडते म्हटल्यावर याच्याकडे कोण कशाला येईल? कामं आटली, आणि कामांबरोबर हा माणूसही. सात महिने घराबाहेर पाऊल नाही. कोणी विचारलं की "बरं आहे." बरं कसलं डोंबलाचं.

त्यातच लेकीने तीन गल्ल्या पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. पाटी बाबानेच रंगवावी म्हणून ती मोठ्या हौसेने आली होती. "हात चालत नाही आता," म्हणून याने मान फिरवली. मग तिने छापील पाटी लावली आणि हा दुकान उघडायच्या दिवशीही गेला नाही. तेव्हापासून ती घरी यायची, इकडचं तिकडचं बोलायची, पण दुकानाबद्दल चकार शब्द काढायची नाही. हे त्याला फार लागायचं. पण सांगणार कोणाला, आणि कोणत्या तोंडाने?

त्याची बायको इस्पितळात नर्स. रोज पन्नास आजाऱ्यांना उठवून बसवणारी बाई, घरातला एक उठेना म्हणून ती मेटाकुटीला आली. शेवटी तिने त्याला जवळजवळ मानगूट धरूनच समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "एखादी लहानशी गोष्ट ठरवा. आठवडाभर जमते का बघा. आणि लिहून ठेवा."

आता पाट्या रंगवणाऱ्याला लिहून ठेवायला सांगायचं, म्हणजे झालंच. गड्याने माळ्यावरून पत्रा काढला, घासला, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, दोरीने रेघा आखल्या आणि तीन दिवस मान वर केली नाही. लाल अक्षरं, त्यांना काळी सावली, कोपऱ्यांत वेलबुट्टी, सगळं ऑइल पेंटमध्ये. पहाटे पाचला उठणे. रोज पाच किलोमीटर चालणे. व्यायाम करणे. वाचन करणे. मित्रांना भेटणे. चिडचिड न करणे. खाली एका ओळीची जागा उरली. रिकामी जागा पाटीवाल्याला बघवत नाही, म्हणून सातवी ओळ घातली: सदैव आनंदी राहणे.

त्या तीन रात्री त्याला गाढ झोप लागली. गाडी रुळावर आली म्हणून बायकोचाही जीव भांड्यात पडला.

पण पाटी पुढच्या खोलीत लागली आणि घोडं अडलं. पहिल्या दिवशी पाचला उठला, पण सहाला पुन्हा झोपला. दुसऱ्या दिवशी चालायला म्हणून बूट घातले आणि खुर्चीत बसून तासाभराने काढले. तिसऱ्या दिवशी चिडचिड केली, तीही पाटीखाली उभं राहून. चौथ्या दिवसापासून तो चहा स्वयंपाकघरात प्यायला लागला, पाटीचं तोंड नको म्हणून. आधी नुसता उदास होता, आता उदास आणि नापास.

"अहो, बदला की मग तिच्यावरचं," बायको म्हणाली.

"ऑइल पेंट आहे. निघत नाही."

"दुकानाचा मालक बदलला की काय करायचात?"

"पांढरा हात मारायचो, वर नवं लिहायचो."

"मग मारा."

त्याने ब्रश हातात घेतला, पण मारवेना. एवढी सुरेख अक्षरं. बायको शेजारी येऊन बसली. "खरं सांगा, या सातांतलं तुम्हाला काय हवंय?"

त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "यातलं काहीच नको. लेकीच्या दुकानात जायचंय." एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. बायकोने त्याला रडू दिलं. मग पांढऱ्या रंगाचा डबा तिनेच उघडला.

रंग वाळल्यावर पाटीवर एकच शब्द आला, तोही खडूने: फाटकापर्यंत. गेला फाटकापर्यंत, आला परत. दुसऱ्या दिवशी लिहिलं, लाँड्रीपर्यंत. तेही जमलं. मग दोन-तीन दिवस पुन्हा लाँड्रीच, कारण पुढची सगळी गल्ली त्याच्या जुन्या पाट्यांची, आणि त्यांतल्या किती उरल्या असतील याची त्याला धास्ती. पोस्टापर्यंत जायच्या दिवशी औषधाच्या दुकानावर त्याच्या पाटीच्या जागी नवी चकचकीत पाटी दिसली आणि स्वारी माघारी फिरली. घरी येऊन त्याने 'पोस्टापर्यंत' पुसलं, 'लाँड्रीपर्यंत' लिहिलं आणि निवांत जेवला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सतराव्या दिवशी तो पोस्ट मागे टाकून, वळून, थेट लेकीच्या दुकानासमोर उभा राहिला. आधी वर पाटी बघितली. वाईट नव्हती. आत लेक उलट्या सायकलीची साखळी बसवत होती, कोपरापर्यंत काळी. तिने वर पाहिलं, हातातली साखळी सुटली.

"बाबा. बस ना," ती म्हणाली. "दोन मिनिटं, एवढं संपवते."

दाराशी सावलीत एक स्टूल होतं. त्यावर गादीही होती. तो बसणार तोच आत उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. "काका, नशीबवान आहात. आम्हाला त्याच्यावर टेकू देत नाही ही. परवा माझे पाय दुखत होते तरी उठवलं."

"आई फोन करायची रोज," लेक मान खाली घालून म्हणाली. "आज कुठपर्यंत आलास ते सांगायची. म्हटलं, आलासच एखाद्या दिवशी, तर दमलेला असशील."

पेंटर बसला. गुडघे खरंच दुखत होते. तिचं काम होईपर्यंत तो तिच्या काळ्या हातांकडे बघत राहिला. डोळे भरून येत होते, येऊ दिले.

निघताना तो स्टूल आत उचलून ठेवायला लागला, तसं तिने ते हातातून घेतलं.

"उद्याही बाहेर काढ," तो म्हणाला.