वल्ह्यामागे वाजणारा ढोल

शहराच्या तांजोंग पगार भागातल्या या ऑफिसात शिरलात की ऑर्किडच्या कुंडीशेजारी लाल रंगाचं काहीतरी गरगरीत दिसेल. पाहुण्यांना ते टेबल वाटतं. परवा एकानं माझ्यावर कॉफीचा कप ठेवला, तोही खाली काही न ठेवता. तेव्हाच ठरवलं, की आता गप्प बसायचं नाही. मी टेबल नाही हो, ढोल आहे. ड्रॅगन बोटीच्या, म्हणजे ड्रॅगनचं डोकं लावलेल्या लांब शर्यतीच्या होडीच्या, नाकाडावर बसून वाजणारा, चांगला खणखणीत ढोल.

माझा जन्म खाडीपलीकडच्या जोहोरचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं लाकूड वाकवलं, कातडं ताणलं, पितळी खिळे ठोकले आणि अंगठ्यानं टिचकी मारून मान डोलावली. मग मराठी कुठून आली म्हणाल, तर ज्या हातांनी मला बोलतं केलं ते हात पुण्याचे होते. त्या हातांची गोष्ट पुढे सांगतो. आधी मला आणलं कुणी ते ऐका.

मला विकत घेतलं चारुदत्त निमकरांनी. क्लेमेंटीजवळच्या एका विद्यापीठात ते कधीकाळी शिकले, पुढे पैशापाण्याच्या धंद्यात नाव काढलं, आणि आपल्या विद्यापीठाला एक नवी कोरी ड्रॅगन बोट भेट दिली. बोटीची रीतसर कागदपत्रं झाली. मी मात्र मागाहून, हौसेनं आलो. 'हा माझ्याकडून, असाच,' म्हणाले. त्या 'असाच'नं पुढे माझा घात केला.

नव्या बोटीला इथं एक विधी असतो. दात्यानं लाल रंगात कुंचला बुडवून ड्रॅगनचे डोळे रंगवायचे, म्हणजे त्याला दिसू लागतं. निमकरांनी डोळे रंगवले, आणि मग खिशातून नव्हे, चांगला पिशवीतून नारळ काढला! तो ते ड्रॅगनच्या डोक्यावरच फोडणार होते. कोच लिम धावले म्हणून बिचारा ड्रॅगन वाचला. नारळ धक्क्याच्या दगडावर फुटला, खोबरं सगळ्या पोरांनी खाल्लं, आणि निमकरांनी ओल्या बोटानं माझ्या कातड्यावर कुंकू लावलं. तो डाग अजून आहे. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

आता ते पुण्याचे हात. अपूर्वा त्याच विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करायला आलेली. क्लेमेंटीत भाड्याच्या खोलीत राहायची. पुण्यात ढोलपथकात होती. मला पाहिल्यावर तिचे डोळे असे लकाकले, की मी मनात म्हटलं, आली बाई आपली ओळखीची. पण पहिल्याच सरावाला तिनं घोळ घातला. पथकात ताशा उठला की सगळे ढोल त्याच्या मागे जातात. इथं ढोल एकच. म्हणजे ताशाही आपणच, असं तिनं धरलं. मिरवणुकीत लय चढवावी तशी ती चढवत गेली. मलाही काय हुरूप आला होता! समोर मात्र वल्ह्यांवर वल्ही आदळत होती, पाणी तोंडावर उडत होतं आणि बोट जागच्या जागी वळवळत होती.

कोच लिमनी तिला किनाऱ्यावर बोलावलं. ते फार बोलत नाहीत. पहिल्या फळीवरच्या जोडीकडे बोट करून त्यांनी तिला समजावलं, की लय त्या दोघांची असते. ढोलवाली त्यांच्याकडे तोंड करून बसते ती त्यांना हाकायला नाही, त्यांचं वल्हं पाण्यात शिरताना बघायला. ते वल्हं पाण्याला लागतं त्याच क्षणी टोला पडायचा. तो टोला मग मागच्या सगळ्यांना ऐकू जातो.

अपूर्वाला हे जमवायला किती सकाळी घालवाव्या लागल्या! हात शिवशिवायचा, ती ओठ चावायची. पण एके दिवशी जमलं. वीस वल्ही एकदम पाण्यात गेली आणि बोट सरकन पुढे निघाली. वाजत मी होतो आणि नेत दुसरंच कुणी होतं, आणि मला त्याचं काही म्हणता काही वाईट वाटलं नाही.

निमकर सरावाला यायचे. पोरांसाठी नारळाचा गोड जॅम लावलेले काया टोस्ट आणायचे, कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, पेले वाटायचे. मग हळूच सूचना सुरू झाल्या. अमका पुढे बसवा, तमका मागे घ्या. कोच लिम मान हलवायचे आणि करायचं तेच करायचे. अशात निमकरांची मुलगी श्रिया त्याच विद्यापीठात दाखल झाली, आणि आंतरविद्यापीठ शर्यत तोंडावर आली. शर्यतीचे फोटो निघतात ते ढोलवालीचे. निमकरांच्या मनानं घेतलं, की ढोल आपला, तर ढोलामागे आपली लेक.

निवड झाली होती अपूर्वाची. कोचनी केली होती आणि क्रीडा विभागाच्या संचालक उल्का राजाध्यक्ष यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. म्हणून निमकर थेट उल्काताईंना भेटायला होड्यांच्या शेडमध्ये आले. मी तिथंच फळीवर होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

त्यांची ओळख जुनी. गणपतीत उल्काताई दरवर्षी निमकरांच्या कॉन्डोवर, म्हणजे फ्लॅटवर, उकडीचे मोदक वळायला जातात. निमकरांनी सुरुवात मोदकांपासूनच केली. मग परदेशात आपणच आपल्या माणसांचं बघायला हवं, यावर आले. मग पुढच्या वर्षी दुसरी बोट द्यायचा विचार आहे, हेही सहज सुचवल्यासारखं सांगितलं. उल्काताई ऐकत होत्या. देणग्यांचा विभाग सांभाळणाऱ्या साहेबांचाही सकाळीच फोन येऊन गेला होता, की जरा सांभाळून घ्या. उल्काताईंची नोकरी करारावरची, आणि करार संपत आलेला. हे निमकरांनाही ठाऊक होतं.

"दादा," उल्काताई म्हणाल्या, "ढोल तुम्ही दिलात. ढोलामागची जागा तुम्ही दिलेली नाही. ती तुमची नाही, आणि माझीही नाही."

"मग कुणाची?"

"जिला पहिल्या जोडीचं वल्हं दिसतं तिची. ते कोच ठरवतात. त्यांनी ठरवलेलं मी मोडलं, तर उद्यापासून या खुर्चीत कुणीही बसलं तरी काय फरक पडतो?"

निमकरांचा चेहरा उतरला. मग ताठ झाला. ढोलाचे कागद झालेले नाहीत, म्हणजे तो अजून आपलाच आहे, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. उल्काताईंनी मला स्वतः पुसलं, चादरीत गुंडाळलं आणि हमालांना सांगितलं, कातडं जपा. अपूर्वा रडली. मीही रडलो असतो, पण ढोलाला तशी सोय नाही.

तेव्हापासून इथं, निमकरांच्या ऑफिसात आहे. एसीत कातडं आकसतं, अंग दुखतं. समोर पितळी पट्टी लावली आहे, तिच्यावर निमकरांचं नाव आहे. रिसेप्शनवरची मुलगी भली आहे, कुणी हात लावला की इथल्या ढंगात 'डोन्ट टच, लाह' म्हणते. माझी राखण करते बिचारी. पण न वाजणाऱ्या ढोलाची राखण करून करायचं काय?

शर्यतीची हकिकत मला श्रियानं सांगितली. म्हणजे सांगितली तिनं बापाला, मी ऐकली. शेजारच्या कम्युनिटी क्लबातून एक जुना, ठिगळ लावलेला ढोल उसना आणला होता. अपूर्वानं वाजवला. चौथे आले. बक्षीस नाही, फोटो नाही. आणि हे सगळं श्रियाला माहीत होतं, कारण ती त्याच बोटीत होती. तिनं कोचकडे जाऊन चाचणी दिली होती, दोनदा नापास झाली होती, तिसऱ्यांदा शेवटच्या फळीवर जागा मिळवली होती. बापाला तिनं तोवर ताकास तूर लागू दिली नव्हती.

"बाबा, मला ड्रम नकोच होता, लाह. यू नेव्हर आस्क," ती म्हणाली आणि तळहात पुढे केले. फोडांचे घट्टे झाले होते. निमकरांनी ते हात बराच वेळ हातात धरून ठेवले. लेकीचे हात असे झाले म्हणून त्यांना वाईट वाटत होतं, आणि थोडा अभिमानही वाटत असावा.

त्यामुळे असेल, गेल्या आठवड्यात त्यांनी उल्काताईंना इथं बोलावलं. मी तर हरखलोच. करार वाढला की नाही ते अजून त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं, तरी नेहमीसारख्याच नीटनेटक्या आल्या. निमकर म्हणाले, ढोल घेऊन जा, दुसरी बोटही देतो. फक्त निवड समितीत आपल्याला एक खुर्ची असावी. मत द्यायचं नाही, नुसतं बसायचं.

अरे देवा, पाणी किती जवळ आलं होतं! सरावाचा तो जलाशय, सकाळचा गार वारा, पुण्याचे हात. हो म्हणा, हो म्हणा, असं माझं कातडं न् कातडं म्हणत होतं.

उल्काताई उठून माझ्यापाशी आल्या. कुंकवाच्या डागावर तळहात ठेवला.

"नुसतं बसणारा माणूसही दिसतो, दादा," त्या म्हणाल्या. "मग पोरं वल्ह्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतील. मोदकांना येईनच. ढोल असू दे इथं."

आणि गेल्या. काचेचं दार मिटलं. मी इथंच राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्यांचा रागही आला. मग तो कारागीर आठवला, कोच लिमचं पहिल्या जोडीकडे दाखवणारं ते बोट आठवलं, आणि राग निवला.

म्हणून निमकरसाहेब, आज तुमच्याशीच बोलतो. रोज सकाळी तुम्ही माझ्यासमोर क्षणभर थांबता, हे मी पाहतो. मला पाण्याची ओढ आहे, ती लपवत नाही. द्यायचं असेल तर मला परत द्या, त्या दिवशी म्हणाला होतात तसाच, 'असाच'. पण सोबत खुर्ची पाठवणार असाल, तर नका पाठवू. मी इथं आकसेन, फुटेन, लोकांचे कप अंगावर घेईन. वल्ह्याच्या मागे वाजायला शिकलोय मी. त्याच्यापुढे वाजायला मला कुणी नेऊ नये, तुम्हीसुद्धा.