म्हातारीचं दार

आमच्या गावचं सगळ्यात मोठं जहाज बुडालं ते धक्क्यावरून दिसेल इतक्या जवळ, आणि तेही तळ्यात. समोरचा काठ दिसत नाही अशा पाण्याला तळं म्हणणारी आम्ही माणसं, आमच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार? जहाजाला सगळे म्हातारी म्हणत. विटा, चुना, लाकूड वाहून तिचं कंबरडं मोडलं होतं. इंजिनाच्या लाँच आल्या तरी मालक तिला शिडावरच हाकत राहिला, कारण वारा फुकट होता. एका वादळात ती उथळ पाण्यातल्या खडकांवर चढून बसली, दिवसभर तशीच राहिली आणि संध्याकाळी दुभंगली. वरचे तिन्ही खलाशी गेले. त्यांतला एक माझ्या आत्याचा नवरा.

हा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण मी तो रोज विकते. मध्यंतरी तळ्याचं पाणी फार ओसरलं, म्हातारीचा सांगाडा उघडा पडला आणि सरकारला एकदम तिचा पुळका आला. शेड बांधली, तिला संग्रहालय म्हटलं आणि मला तिकीट खिडकीवर बसवलं. आत भिंतीवर माझ्या बाबांचा फोटो आहे. 'दुर्घटनेचे शेवटचे साक्षीदार.' खाली त्यांचंच वाक्य: 'त्या लाटांत बोट घालणं शक्यच नव्हतं.' बुडालेल्या तिघांची नावं कुठंही नाहीत.

बाबा नावाडी होते. हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलंय की ते अगदी गुळगुळीत झालंय. खुबा मोडल्यापासून ते बाहेरच्या खोलीत पलंगावर असतात. त्यांना भरवणं, अंग पुसणं, कूस बदलून देणं, सगळं आत्या करते. पलंगासमोर तिच्या खोलीचं दार. ते म्हातारीच्या केबिनचं होतं. वादळानंतर तरंगत काठाला लागलं, असं बाबा सांगत. नवऱ्याची आठवण म्हणून त्यांनीच ते आत्याच्या खोलीला बसवून दिलं होतं. आत्या त्याला तेल लावायची, पुसायची. नवऱ्याचं म्हणावं असं दुसरं काही तिच्याकडे नव्हतंच.

यंदा ती म्हणाली, "हे दार तुमच्या संग्रहालयाला देऊन टाकू. माझ्यामागे सरपणात जाईल. तिथं त्याच्या नावाची पाटी तरी लागेल."

एवढंच हवं होतं तिला. एक पाटी.

मग संग्रहालयाच्या लाकूडतज्ज्ञ बाई घरी आल्या. दार उघडून, मिटून, बोटांनी चाचपून खूश झाल्या.

"तरंगत आलं म्हणता? छे हो! पाणी लागलेलं लाकूड खिळ्यांभोवती काळं पडतं. आणि हे बघा, बिजागरीच्या दोन्ही बाजूंना जहाजाचेच पितळी स्क्रू. दार येईल तरंगत, पण चौकटीत बसलेले स्क्रू कसे येतील?" त्या हसल्या. "जहाज फुटायच्या आधीच कुणीतरी सवडीनं उतरवलंय. म्हणून तर इतकं छान राहिलं!"

चहा पिऊन, आभार मानून त्या गेल्या. आत्या पलंगाच्या कडेला टेकली.

"दादा, तू गेला होतास?"

"कुठं?"

"म्हातारीवर."

"ती कालची पोर, तिला काय कळतंय? त्या लाटांत..."

"दादा, स्क्रू."

बाबा छताकडे बघत म्हणाले, "दुपारी वारा पडला होता जरासा. सगळेच गेले होते, मी काय एकटा? कुणी दोर आणले, कुणी शीड आणलं. म्हातारी घट्ट बसली होती. उद्यापर्यंत हलत नाही असंच वाटलं सगळ्यांना."

"आणि ह्यांना का नाही आणलंस?"

"त्यानंच दिलं दार. म्हणाला, हे आधी घेऊन जा. चिमीनं पडद्यापायी डोकं खाल्लंय माझं. मी दुसऱ्या खेपेला येतो."

लग्नानंतर दोघं आमच्याच घरी राहायची, आणि नव्या नवरा-नवरीच्या ह्या खोलीला तेव्हा नुसता पडदा होता. भरल्या घरात आत्याला दार हवं होतं, हे खरंच होतं.

बाकीचं खरं असेल, खोटंही असेल. विचारायचं कुणाला? मला एवढंच दिसलं, की जन्मभर पोटात ठेवलेला धोंडा बाबांनी अलगद बहिणीच्या पदरात टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "थांबला असतास. दार काढायचं काम होईपर्यंत थांबलासच ना, मग ह्यांनाही बरोबर आणलं असतंस."

"काम कसलं? पटकन निघालं दार. वेळ कुठं होता?"

आत्यानं माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. स्टूल ओढलं आणि वरच्या बिजागरीपासून सुरुवात केली. स्क्रू घट्ट होते. ती एक काढायची, मनगट झटकायची, पुढचा धरायची. मी पुढे झाले तर तिनं कोपरानं ढकललं. बाबांचा चहा बशीत गार झाला, त्यांना पाजायला कुणी मोकळं नव्हतं. "चिमे, पुरे गं," ते एकदा म्हणाले. मग नुसतेच बघत राहिले. त्यांना तोंड वळवायचं तर कूस कोण बदलून देणार?

शेवटचा स्क्रू हातात आला तेव्हा मी दार पेललं. आत्या बाबांकडे वळली.

"एवढा वेळ होता तुझ्याकडे," ती म्हणाली. मग चहा पुन्हा गरम करून आणला आणि त्यांना पाजला.

दार आता संग्रहालयात आहे. पाटीसुद्धा लागली: 'एका शूर नावाड्याने जिवावर उदार होऊन वाचवलेला ठेवा.' शेजारीच बाबांचा फोटो, त्याखाली तेच ते अशक्य लाटांचं वाक्य. दोन्ही पाट्या लोक एका दमात वाचतात आणि पुढे सरकतात. मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, मजकूर वरून मंजूर झालाय.

आत्यानं खोलीला काहीच लावलेलं नाही. बाबांचं सगळं पूर्वीसारखंच करते, फक्त बोलत नाही. काम झालं की आपल्या खाटेवर जाऊन बसते, आणि बाबांना ती समोर दिसत राहते, दिवसभर.

ती बाजारात गेली की बाबा मला हाक मारतात. "अगं, काहीतरी लाव तिथं. निदान पडदा तरी."

"लावते की," मी म्हणते, "दुसऱ्या खेपेला."