फलाटावरचा नळ

मी सासऱ्यांशी पैज लावली आणि पणाला माझीच दोन पोरं लावली. ऐकायला वाईट वाटतं, पण झालं ते असंच झालं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गुलाल उधळून झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, जिपांमधून साहेब लोक आले. पाणी तेवढं यायचं राहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ यायचा, तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी. ‘नळ आला’ अशी हाक उठली की जेवतं माणूस ताटावरून उठायचं. मी पोस्टात काउंटरला होते. माझा नवरा गुरुलिंग तिथंच कारकून होता. दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागेवर मला लावून घेतलं. दिवसभर मी पाकिटांवर शिक्के मारायचे आणि सहा वर्षांची रत्नी शेजारच्या नागुबाईंच्या ओसरीत तीन वर्षांच्या मल्लूला सांभाळायची. नळ आला तर लहान घागर घेऊन नंबर लावायचं कामही तिच्याचकडे होतं.

सासरे चन्नबसप्पा, म्हणजे आमचे आप्पा, उदगीरला असायचे. मोंढ्यात डाळीची आडत, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज कधी चढलेला नाही. माणूस वाईट असता तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ते महिन्याला एकदा लातूरला यायचे, पोरांना मांडीवर घ्यायचे आणि हळू आवाजात तेच बोलायचे.

“शिवकन्या, पोरं उदगीरला ठेव. आपल्या आडाला पाणी हाय. हितं तू हापिसात, आन् पोरगी घागरी वाहून राहिली. लेकरू हाय ते.”

“सांभाळते मी, आप्पा.”

“एकटीनं?”

त्या ‘एकटीनं’ शब्दानं माझं डोकं फिरलं. पोस्टातल्या माणसाला चार वर्षांतून एकदा सहकुटुंब देशात कुठंही जायची सवलत असते. गुरुलिंगनं कन्याकुमारी ठरवून ठेवली होती, ती तशीच राहून गेली. मी तिथल्या तिथं बोलून गेले, “मी दोघांना एकटीनं कन्याकुमारीला नेते आन् आणते. सुखरूप आणली तर हा विषय परत काढायचा न्हाई.”

आप्पा म्हणाले, “बरं. आन् काही कमी-जास्त झालं तर?”

“तर ठेवून घ्या.”

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. मीही बोलले, आणि आप्पा बोललेलं विसरणाऱ्यांपैकी नव्हते.

सवलतीच्या अर्जात कुटुंबातल्या माणसांची नावं लिहायला तीन ओळी होत्या. मी दोन लिहिल्या. हेडक्लार्क म्हणाले, “बाई, तिसऱ्या ओळीवर रेघ मारा, रिकामी ठेवू नका.” मी रेघ मारली. पेन दोनदा अडलं.

उदगीरहून सिकंदराबाद, तिथून मद्रास, तिथून पुढं. लहान पोरं घेऊन तीन दिवसांचा रेल्वेप्रवास म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे. पण एकटीनं करणं वेगळंच असतं. मोरीकडं जायचं तर दोन्ही पोरं आणि पैशांची पिशवी घेऊन जायचं, कारण ‘जरा बघा हं’ म्हणायला कुणी नाही. मल्लूच्या करदोड्याला मी माझ्या पदराचं टोक बांधून टाकलं होतं. डब्यातल्या बायका हसायच्या. हसू देत. रत्नीला बांधायची गरज नव्हती, ती शहाणी होती. समोरच्या बाकावर एक नवरा-बायको होती. तो चहा आणायला उतरला की ती खिडकीतून मान काढून बसायची आणि तो येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. मला तिचा राग यायचा. हेवा म्हणा.

कन्याकुमारीला मी पहाटे समुद्रावर गेले. एक पोर कडेवर झोपलेलं, दुसरं उभ्यानं पेंगणारं. सूर्य वर आला. चांगला मोठा, लाल. माझ्या तोंडून “अहो, बघा की” असं निघून गेलं. बाजूला रंगीत वाळूच्या पुड्या विकणारी बाई होती, तिनं वळून बघितलं. लाजेनं आणि दुःखानं मला तिथं थांबवेना. एवढ्या लांब आले ती दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळं रडायला आले की काय, असं वाटलं. आणि रडताही आलं नाही, मल्लूला शी लागली होती.

रत्नीला समुद्राचं फार कौतुक नव्हतं. “ह्ये पाणी प्यायला येत न्हाई ना?” तिनं एकदाच विचारलं आणि तिच्या मनातून तो समुद्र उतरला. लॉजच्या मोरीतल्या नळाचं मात्र तिला अप्रूप होतं. खोलीतली बादली, तांब्या, दोन्ही डबे, साबणाची डबीसुद्धा ती भरून ठेवायची.

परतीच्या प्रवासात ते घडलं. भर दुपार, मद्रास मागं पडलेलं. गाडी एका लहान स्टेशनात थांबली. पाटी वाचायचं मला सुचलं नाही, त्यामुळं त्या गावाचं नाव मी आजही सांगू शकत नाही. मल्लू मांडीवर झोपला होता आणि माझाही डोळा लागला. धक्का बसला तेव्हा जाग आली. गाडी हलत होती, शेजारची जागा रिकामी होती, खुंटीवरचा फिरकीचा तांब्या नव्हता.

खिडकीतून बघितलं तर रत्नी फलाटावर. समोर नळ धो धो वाहत होता आणि त्याच्यापुढं एकही माणूस नव्हतं. आमच्या गल्लीतल्या पोराला असा नळ दिसल्यावर ते काय करणार? ती तांब्या भरून घ्यायला उतरली होती. तांब्या भरला होता, फिरकीही लावून झाली होती. माझी हाक तिनं ऐकली. चार पावलं धावत आलीही. मग थबकली, मागं वळली आणि नळ बंद करायला गेली. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. तेवढ्यात आमचा डबा पुढं गेला.

मी ओरडत होते. कुणाला मराठी कळत नव्हतं. साखळी वर होती, मल्लू पदराला बांधलेला होता, गाठ सुटेना. शेवटी त्याला तसाच काखेत मारून मी बाकावर चढले आणि साखळीला लोंबकळले. गाडी थांबेपर्यंत स्टेशन बरंच मागं राहिलं होतं. खडीवरून मी अनवाणी पळाले.

ते पळणं दहा मिनिटांचं असेल. आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट आता सांगते. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात पहिला विचार रत्नीचा आला नाही. पहिला आला आप्पांचा. आता मी त्यांना काय तोंड दाखवू, हा. पोरगी मागाहून आठवली.

ती नळाखाली उभी होती, तांब्या पोटाशी धरून. रडत नव्हती. म्हणाली, “आई, मी नळ बंद केला.”

मी तिच्या तोंडात मारली.

गार्डानं मला त्याच्या भाषेत हवं तेवढं सुनावलं आणि डब्यात बसवलं. रत्नी खिडकीकडं तोंड करून बसली. संध्याकाळी तिनं विचारलं, “आई, आज्जाला सांगायचं का?” मी मल्लूला भरवत होते. भरवतच राहिले. सहा वर्षांच्या पोरीला त्याचा अर्थ बरोबर कळला. उदगीर येईपर्यंत तिनं एकदाही पाणी मागितलं नाही. मी दिलं तर प्यायली.

आप्पा स्वतः स्टेशनवर आले होते, टांगा घेऊन. दोन्ही पोरांना खालपासून वरपर्यंत बघितलं, मल्लूला खांद्यावर घेतलं. घरी पोहोचल्यावर अंगणात बसून गमतीनं रत्नीला म्हणाले, “काय गं, एवढ्या लांब गेलीस, कुठं हरवली-बिरवली न्हाईस ना?”

“न्हाई आज्जा. आईनं माझा हात एकदाबी सोडला न्हाई.”

बोलताना ती त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

आप्पा हसले. “जिंकलीस बाई तू. माझा शब्द म्हंजे शब्द. आता म्या काय बोलणार न्हाई.”

सासूबाई, शांतम्मा, आडाचं गार पाणी घेऊन आल्या. दोघांच्या हातात पेले दिले. मल्लू घटाघटा प्यायला. रत्नीनं पेला ओठांपर्यंत नेला, थांबली आणि माझ्याकडं बघितलं. पिऊ का, असं. घरचं पाणी, आजीनं दिलेलं. मी मान हलवली तेव्हा ती प्यायली.

मी जिंकले होते. गप्प बसले असते तर पोरं माझीच होती. पण त्या नजरेपुढं मला बसवेना. पोरगी माझी पाठराखण करत होती आणि मला भीतही होती, आणि हे दोन्ही तिला मीच शिकवलं होतं.

“आप्पा, खोटं बोलती ती. मला झोप लागली. पोरगी फलाटावर राहिली, गाडी सुटली. साखळी ओढून आणली म्या. आन् वरून मारलंबी तिलाच.”

आप्पांनी मल्लूला खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “खरं बोललीस, बरं केलंस. आता पाऊस पडेस्तोवर पोरं हितं राहू दे. पुढचं पुढं बघू.”

शब्द मीच दिला होता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लातूर एसटीला मला सोडायला सगळे आले. मल्लू आजीच्या कडेवर बत्तासा खाण्यात दंग होता. मी खिडकीशी बसले. शेजारची जागा पिशवी ठेवून धरून ठेवायची सवय झाली होती, तशी पिशवी ठेवली आणि मग उचलून मांडीवर घेतली. ड्रायव्हर चढला. तेव्हा रत्नी आप्पांचा हात सोडून खिडकीखाली आली. त्या स्टेशनात रडली नव्हती ती, मारलं तेव्हाही नाही. आता रडायला लागली.

“आई, म्या तर कुणालाच सांगितलं न्हाई. मग तू का सांगितलंस?”

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून हात खाली केला, पण तिनं तो धरला नाही.