मुंग्यांचे घर रिकामे होताना

मी एक परीक्षानळी आहे. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी. माझ्यासारख्या नळ्या प्रयोगशाळेत खोऱ्याने असतात, तेव्हा माझे कौतुक ते काय. पण मित्रांनो, काही काळ मी एका राणीचे घर होते. त्या दिवसांची धास्ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

मी भट्टीत तापले, फुंकले गेले, निवले आणि एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आले. तिथे माझ्यात कधी निळे पाणी असायचे, कधी हिरवे. मुले मला ज्योतीवर धरत, मग घासूनपुसून उलटी टांगत. एकदा कुणाच्या तरी हातून मी निसटले आणि माझ्या तोंडाचा टवका उडाला. टवका उडालेली नळी प्रयोगाला चालत नाही. तिथल्या साहाय्यकाने मला टाकून न देता खिशात घातले आणि आपल्या बहिणीकडे नेले.

ही बहीण शिवणकाम करायची. तिच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचे टेबल आणि कातरणांचा ढीग होता. तिच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरतच नसे. त्या सकाळी भिंगरीला पायरीवर एक भलीमोठी मुंगी सापडली होती. मुंगीचे पंख नुकतेच गळून पडले होते. भिंगरीच्या आईने झाडू उचललाच होता.

"थांब ना आई, ही राणी मुंगी आहे. मामा आत्ताच म्हणाला."

"राणी असो की दासी, झाडू सगळ्यांना सारखाच," आई म्हणाली. पण तिने झाडू खाली ठेवला.

मामाने माझ्या तळाशी पाणी भरले आणि त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवला. कापूस ओला राहील, पण पाणी बाहेर येणार नाही, अशी ती सोय होती. मग राणीला हलकेच आत सोडून त्याने माझ्या तोंडालाही कापूस लावला.

"आता हिला खायला द्यायचं नाही, हलवायचं नाही, उजेडात आणायचं नाही," तो म्हणाला.

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. तेच तुला सगळ्यात जड जाणार आहे."

अंधारासाठी आईने काळ्या पँटच्या कातरणातून मला एक खोळ शिवून दिली. शिवताना तिचे तोंड चालूच होते. "गिऱ्हाइकं कपड्यांसाठी खेटे घालतायत आणि मी इथे मुंगीचा कोट शिवतेय. काय रे, माप कुणाचं घेऊ, बाटलीचं की बाईसाहेबांचं?" पण खोळ अशी मापात बसली की माझ्या अंगाला उजेडाचा कवडसाही लागेना.

त्या अंधारात राणीने अंडी घातली. खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशी ती अंडी ती सारखी चाटायची, इकडून तिकडे ठेवायची. मी श्वास रोखून बसले होते, म्हणजे काचेला जमेल तेवढा. भिंगरीला मात्र राहवेना. ती येता-जाता खोळ वर करून बघायची. तिला ते प्रेम वाटे. राणीला मात्र छप्पर उडाल्यासारखे वाटे. ती अंडी तोंडात धरून सैरावैरा पळायची. एके दिवशी खोळ पुन्हा पुन्हा उचलली गेली, तेव्हा राणी थांबली आणि तिने काही अंडी खाऊन टाकली.

भिंगरी रडत मामाकडे गेली. "ती दुष्ट आहे का रे?"

"दुष्ट नाही, घाबरलीय. इथे पिल्लं जगायची नाहीत असं तिला वाटलं."

तेव्हापासून भिंगरीने खोळीला हात लावणे सोडले. आठवड्यातून एकदा आईला विचारून ती डोकावे, तेही पापणी लवायच्या आत. राणीने पुन्हा अंडी घातली. त्यांतून अळ्या निघाल्या, अळ्यांचे कोष झाले आणि कोषांतून फिकट, इवल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या. आठवड्याच्या त्या क्षणभराच्या डोकावण्यासाठी शेजारची मुलेही रांग लावून येत. "काय मस्त घर आहे," ती म्हणत, आणि मला उगीचच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे.

पण अति तिथे माती. कामकरी मुंग्या आल्यावर त्यांना खाऊ द्यायचा होता. काडीच्या टोकावर राहील एवढा मधाचा थेंब आणि किड्याचा एखादा तुकडा त्यांना पुरतो. भिंगरीने आनंदाच्या भरात अख्खा पतंगच आत सारला. मुंग्यांनी तो माझ्या ओल्या बोळ्यापर्यंत ओढत नेला आणि उरलेला तिथेच सोडला. तो कुजला. भिंगरीने चिमट्याने अवशेष काढले, पुढे खोळ न उचलता तोंडाकडूनच उष्टे रोज काढायची सवयही लावून घेतली. पण कापसावर बुरशीचा काळा ठिपका बसला तो बसलाच. हळूहळू तो पसरू लागला. त्यातच बोळ्यामागचे पाणी रोज थोडे थोडे खाली जात होते.

हे सगळ्यांच्या आधी मला कळले. पण मी सांगू कुणाला? माझ्या तोंडात कापूस, आणि नसता तरी काचेला बोलता कुठे येते? माझा जीव टांगणीला लागला. ज्यांच्यामुळे मला घरपण आले, त्याच मुंग्या माझ्याच पोटात तहानेने मरणार होत्या.

शेवटी आठवड्याच्या डोकावण्यात ते भिंगरीच्या लक्षात आले. मामाने नवी नळी आणली. तिच्यात ताजे पाणी, पांढराशुभ्र कापूस. माझ्या तोंडाचा बोळा काढून त्याने तिचे तोंड माझ्या तोंडाला लावले आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. "जुनीची खोळ काढ, नवीला घाल. मग बघ, अंधार शोधत त्या आपणच पलीकडे जातील," असे सांगून तो कामावर गेला.

भिंगरीने खोळ काढली नाही.

दिवस गेले, मुंग्या हलेनात. त्या माझ्या बुरसटलेल्या बोळ्याला चिकटून बसल्या होत्या. नव्या नळीत एखादी जाऊन यायची आणि पुन्हा माझ्या अंधारात शिरायची. बोळ्यामागचे पाणी संपले. आता कापसात होता तेवढाच ओलावा. अळ्या सुरकुतू लागल्या. 'जा गं बायांनो,' मी मनात म्हणत होते, 'मला सोडा आणि जा.'

आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मामा काय सांगून गेला होता?"

"खोळ काढायची."

"मग?"

"माझ्याच्याने होत नाही. उजेड पडला की राणी अंडी खाते."

"सकाळी तुझी चादर ओढल्याशिवाय तू उठतेस का?"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"आणि अंडी खाईलही कदाचित," आईने सुई खाली ठेवली. "पण पाणी संपल्यावर काय खाईल?"

भिंगरी उठली. मग तिने माझी खोळ ओढून काढली आणि नव्या नळीला चढवली.

उजेड पडताच एकच पळापळ झाली. नेमके तेव्हाच मशीन सुरू झाले, कारण शाळेचे गणवेश संध्याकाळी द्यायचे होते. धडधड होताच सगळ्या मुंग्या जागच्या जागी थिजल्या. मशीन थांबले की चालायच्या, सुरू झाले की थिजायच्या. आईने दोनदा मान वळवून पाहिले. मग तिने पायडलवरून पाय काढला, गणवेश मांडीवर घेतले आणि हाताने तुरपाई करायला बसली.

"गणवेश उशिरा होतील ना, आई?"

"होऊ देत. तू तुझ्या बायांकडे बघ."

एक मुंगी पलीकडे गेली. परत आली आणि तिने दुसरीच्या मिशांना मिशा लावल्या. दोघी गेल्या. मग एक जण अळी उचलून निघाली आणि पाठोपाठ रांगच लागली. अळ्या गेल्या, कोष गेले. राहिली ती राणी, आणि तिच्यापुढे अंड्यांचा पुंजका.

राणीने पुंजका तोंडात धरला. भिंगरीने दोन्ही हातांनी स्वतःचेच तोंड दाबले. मला वाटले, आता संपले. राणीचे जबडे हलत होते, पण खातेय की नुसती धरतेय, ते मलाही कळेना. ती तशीच उभी राहिली. एक कामकरी परत आली, तिने राणीचा पाय धरून हलकेच ओढला. आणि मग राणी चालू लागली. माझ्या टवक्यावरून तिचे पाऊल पडले, ते शेवटचे.

पुंजका तोंडात अख्खा होता.

खोळीवर भिंगरीचा हात गेला. आत डोकवायचा तिला केवढा मोह झाला असेल. पण तिने हात मागे घेतला, पालथा मांडीखाली दाबून ठेवला आणि आईला म्हणाली, "दे, मी बटणं लावते."

मित्रांनो, तुमच्या घरी मुंग्या असोत, मासा असो की कुंडीतले रोप, घर बिघडले की ते घर ओरडून सांगत नाही. पाणी किती उरले, कापूस काळा पडला का, उष्टे कुजले का, हे तुम्हीच बघा. बघून झाले की हात काढून घ्या. आणि हलवायची वेळ आली, तर तुम्हाला भीती वाटते म्हणून त्यांना थांबवून ठेवू नका.

भिंगरीने तारेने माझा काळा बोळा ओढून काढला. उकळत्या पाण्याने मला धुतले आणि खिडकीत वाळत ठेवले. आता माझ्यात पाणी नाही, राणी नाही. पण मला टाकून दिलेले नाही. नव्या नळीचे पाणीही कधीतरी संपेल, आणि तेव्हा एक स्वच्छ, रिकामे घर तयार असायला हवे.