झाकणावरचा पाटा

माही पोरगी पौर्णिमा अमरावतीले माशांवर शिकून राहिली. तीन वर्षं आपला गावठी मागूर मासा शोधला तिनं. जिकडं पाहावं तिकडं तो परदेशी, मोठ्या डोक्याचा! शेवटी धारणीकडच्या नाल्यात एक मादी सापडली, पोटात अंडी भरलेली. नर अमरावतीले टाकीत होताच. "आई, हिची पिल्लं झाली तं माहं सारं काम झालं," म्हणे.

येताना ती अकोल्याले घरी थांबली. मासोळी मोरीजवळच्या ड्रममध्ये ठेवली. चार बोटं गढूळ पाणी, वर जाळी.

"अवो, पाहुणीले असं ठेवते का कोणी?" मी म्हटलं. ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवाले गेली.

तेवढ्यात नळ आला. आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येते. मंग बाई दम घेत नाही. गंज, बादल्या, घागरी, सारं काठोकाठ भरते न् झाकते. मासोळीचा ड्रमही भरला. जाळी काढून झाकण दाबलं, तं कडेनं पाणी सांडलं. मले लय बरं वाटलं.

थोड्या वेळानं आतून ठक, ठक. आदल्या दिवशी मासोळी जाळी सरकवून ड्रममधून निघून अंगणात सरपटत गेली होती, बापा! आता पुन्हा पळते म्हणून मी झाकणावर पाटा ठेवला. "बस आता गुमान," म्हटलं.

दुपारी पौर्णिमानं पाटा उतरवला, झाकण काढलं. मासोळी पोट वर करून पडली होती.

"आई, काय केलं हे?"

"पाणीच तं भरलं वो!"

"बुडून मेली ती."

मासोळी? पाण्यात बुडून?

तिनं मासोळी कापली. कल्ल्यांच्या वर लालभडक, गोबीच्या फुलासारखं काही होतं. जलमभर गोबी विकली मी, पण माशाच्या डोक्यात कधी पाहिली नव्हती.

"हिले कल्ल्यांनी पुरत नाही, आई. घडीघडी वर येऊन हवा घ्या लागते. ती या फुलात जाते."

पोटातून ओंजळभर अंडी निघाली. पौर्णिमा ती पाहत बसली, रडलीही नाही.

"लय धडपडली असन. आवाज नाही आला काय तुले?"

"आला होता बाई," मी म्हटलं. "म्हणूनच तं पाटा ठेवला."