घोगरा भोंगा

डोकं खाली, पाय सीटच्या पाठीवर आणि उजवा हात कोपरापर्यंत डॅशबोर्डच्या पोटात. बाबांच्या पिकअपमध्ये मी अशी लटकलेली असताना ती हाताला लागली. समोरच्या खणामागे जेमतेम मूठ जाईल अशी फट होती आणि तिच्यात तारेची वेटोळी कोंबलेली होती. जुन्या रेडिओची बारीक तार. हातभर पुरली असती तिथे विहिरीच्या दोराएवढी गुंडाळून ठेवलेली.

"हिलाल, ये, बाबांची कारागिरी बघ!" मी ओरडले. "भोंग्याला तार जोडलीये की शेळीची आतडी?"

माझा धाकटा भाऊ टायरवर बसून खजूर खात होता. "उस्ताद नसरा, हात तुझा बारीक म्हणून तुला आत घातलंय. जीभ बाहेर ठेवायची होतीस."

"म्हणूनच तो भोंगा खोकला झालेल्या बोकडासारखा वाजतो. वीज पोचेपर्यंत दमून जाते बिचारी."

मी ती सगळी तार ओढून काढली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली; पिशवी आणि जुना भोंगा गाडीच्या मागच्या हौद्यात ढकलून दिला. बाबांनी बसवलेलं दारावरच्या घंटीचं बटण तेवढं राहू दिलं. इंजिनाच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून नवी जाड केबल सरकवताना बोटांची सालं निघाली. पण काम झालं. फ्यूज लावला, रिले लावला, टपावर दोन झगझगीत दिवे आणि पुढच्या जाळीमागे हिलालने सिनावच्या बाजारातून आणलेला नवा भोंगा. बाबा गळ्याच्या ऑपरेशनसाठी मस्कतला होते. समहा, त्यांची लाडकी सांडणी, व्यायला आली होती. घरी येतील तेव्हा गाडी तयार बघून खूश होतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठे कळतंय!

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या गाडीतून बाबा आले. मी दारात उभी राहून वाट बघत होते ती हाकेची. लहानपणापासून ते लांबूनच मला हाक मारत, "नस्… राऽऽऽ", पहिलं अर्धं तोडून आणि दुसरं ताणून. गेल्या हिवाळ्यापासून आवाज घोगरा झाला होता, तरी हाक तीच होती.

गाडी थांबली. हाक आली नाही. बाबा उतरले, डोक्याच्या फडक्याचं टोक गळ्याभोवती गुंडाळलेलं. मी हात धरून कपाळाचं चुंबन घेतलं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले आणि गळ्यावरच्या फडक्यातून नुसती फुस्स हवा आली.

"आवाज कधी येणार?" मी हिलालला विचारलं. काकांशी फोनवर बोलून तोच म्हणाला होता, थोडे दिवस बोलणं बंद.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही येणार. आवाजाची पेटीच काढलीये, नसरा. काकांनी फोनवर सांगितलं, पण तुला कसं सांगणार होतो?"

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि बाबांसमोर रडायचीही चोरी. मी कहवा ओतला, तो अर्धा बाहेर सांडला.

सूर्य कलला तशी बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. उंटांना दाणा द्यायची वेळ झाली होती. आम्ही तिघं वाळूच्या टेकडीपाशी पोचलो. बाबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि उंटांना बोलवायला डॅशबोर्डखालचं बटण दाबलं.

नवा भोंगा असा ठणाणला की आमच्याच कानात दडे बसले. टेकडीवरून उतरणारे उंट जागच्या जागी उसळले. बाकीचे थोडं पळून थांबले, पण समहा थांबली नाही. तेवढं जड पोट घेऊन ती उलटी वळली आणि डांबरी रस्त्याच्या दिशेने सुटली. त्या रस्त्यावर या वेळी मालाचे ट्रक एकामागून एक धावतात.

"गाडी घाल मागे!" हिलाल किंचाळला.

बाबांनी त्याचा दंड पकडला. मागे लागलं तर ती आणखी पळणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबा काहीतरी सांगत होते, ओठ भराभर हलत होते आणि एक अक्षर बाहेर येत नव्हतं. हाच माणूस पूर्वी नुसत्या हाकेने दोन टेकड्यांपलीकडून उंट वळवायचा.

त्यांनी मागच्या हौद्याकडे बोट केलं. जुना भोंगा तिथेच पडला होता. मी बॉनेट उघडलं, भोंग्याला नव्या केबलचे दोन तुकडे जोडले आणि थेट बॅटरीवर टेकवले. तो वाजला, पण खणखणीत, कुठल्याही लॉरीसारखा. समहाने कान टवकारले आणि वेग वाढवला.

"हा तोच भोंगा ना?" हिलालचा आवाज चिरकला. "मी रोज वाजवत होतो, मग असा का वाजतोय?"

बाबांनी बॉनेटवर थाप मारली. मग हवेत बोटाने गोल काढले, गोलावर गोल.

वेटोळी!

मी कचऱ्याची पिशवी वाळूवर उपडी केली. दातांनीच टोकं सोलली. एक टोक बॅटरीला, एक बटणाला, बटणातून भोंग्याला. तारेचा गुंता तसाच सीटवर बसलेल्या बाबांच्या मांडीवर टाकला.

बाबांनी बटण दाबलं. एक लांब, मग विसावा, मग दोन तुटक. "होऽऽऽ… हो, हो."

हिलाल रोज बेल दाबावी तसा दाबायचा, म्हणून मला कधी कळलं नव्हतं. तो भोंगा नव्हता. गेल्या हिवाळ्यातला बाबांचा घोगरा आवाज होता, तसाच्या तसा. तेव्हा एक अख्खी दुपार ते दारं लावून गाडीत बसले होते, आणि म्हाताऱ्याला साधी तार जोडता येत नाही म्हणून मी हसले होते. ते तार थोडी थोडी वाढवत आवाज उतरवत होते. आपला आवाज जाणार हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

समहा रस्त्याच्या कडेला थांबली. एक ट्रक तिच्यासमोरून धूळ उडवत गेला. बाबांनी पुन्हा तीच हाक दिली. तिने मान वळवली आणि जड पावलं टाकत परत निघाली.

ती आली, भोंग्यापाशी नाक नेऊन हुंगत राहिली. मी गाडीकडे पाठ करून रडत होते. मी कचऱ्यात काय टाकलं होतं, ते आता मला दिसत होतं.

मागून भोंगा वाजला. एक तुटक, एक ताणलेला.

"जी, बाबा," मी म्हणाले आणि वळले.