वरचा अर्धा लिटर

शाळेच्या तपासणी खोलीतल्या नर्सबाईंना मुलं ‘फुंकबाई’ म्हणत. वर्षातून एकदा प्रत्येकाला नळीत फुंकायला लावायचं आणि छातीत किती हवा मावते ते लिहायचं, हे त्यांचं काम. यंत्राशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं. आल्या आल्या त्याने वर्गच्या वर्ग नापास केले होते. आता अख्खी शाळा आजारी कशी असेल? बाई पडल्या हुशार. यंत्रच कमी दाखवतंय असं ठरवून त्या प्रत्येक आकड्यात अर्धा लिटर मिळवू लागल्या. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. खिडकीवर गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांची काजळी बसायची, ती बाई रोज पुसायच्या.

त्यांची अकरा वर्षांची लेक याच शाळेत होती. जिना चढताना धापा टाकायची. “नाटकं पुरे, तुझा आकडा छान आलाय,” म्हणून बाईंनी तिला कितीदा तरी झापलं होतं. उद्यापासून ती धावण्याच्या संघात जाणार होती. त्यासाठी आज फक्त बाईंची सही हवी होती.

आणि नेमका आजच, बाईंच्या तीन वर्षांच्या तक्रारींनंतर, यंत्र तपासायला मेकॅनिक उगवला. त्याने पिशवीतून जाडजूड पंप काढला.

“यात मोजून तीन लिटर हवा आहे,” म्हणत त्याने तो नळीला लावून दाबला. पडद्यावर तीन. पुन्हा दाबला. पुन्हा तीन.

“यंत्र ठणठणीत आहे, बाई.”

“नीट बघा हो. इथल्या सगळ्याच मुलांचा आकडा कमी दाखवतं ते.”

“भट्ट्यांचा धूर जातो त्या बाजूच्या चार गावांतून हीच तक्रार आली होती. चारही यंत्रं बघून आलो. सगळी बरोबर आहेत.”

बाईंनी आकड्यांची वही पुढे ओढली. सहाशे मुलं. सहाशे आईबापांना त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, काही झालेलं नाही म्हणून. स्वतःची इतकी चीड त्यांना आयुष्यात आली नव्हती. त्या तडक वर्गात गेल्या आणि लेकीला घेऊन आल्या.

लेकीने जीव खाऊन फुंकलं आणि खोकत खाली बसली. एक पूर्णांक सहा. दोनच्या वर हवं होतं.

आईचा पांढराफटक चेहरा बघून तीच समजूत काढू लागली. “अगं आई, घाबरतेस काय? यंत्र बिघडलंय ना. तूच सांगतेस की सगळ्यांना.”

“नाही गं, राणी,” बाई म्हणाल्या. “यंत्र बरोबर आहे.”